दादांचं खातं

राहुरी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मामा-भाची बोलत होते. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. कदाचित चुकीचंही ऐकलं असेल.

"रुपाली, रोपांच्या नर्सरीच्या वेबसाइटवरनं दाजींचं, तुझ्या वडलांचं, खातं काढून टाक."

"मामा, साइटवर अक्षरांचा रंग निवडायची सोय मी दादांसाठीच केली होती. मोतीबिंदूमुळं त्यांना काळ्यावर पिवळी अक्षरंच दिसायची."

"दाजी जाऊन महिना झाला. मग त्यांच्या खात्यातला रंग रोज कोन बदलतंय? तुझी आई?"

"आईला पासवर्ड माहीत नाही."

"दाजींचा मोबाईल?"

"तुम्हीच चितेवर ठेवलात ना."

"व्हय."

"काल मी त्या रंगांत नवा हिरवा टाकला. कुणालाच सांगितलं नाही. सकाळी दादांच्या खात्यात तोच निवडलेला. काढू खातं?"

"थांब पोरी. हिरव्यात त्यांना नीट दिसत आसंल का?"