खोकल्याचं निमित्त

उद्या डोंगरावर लुसिंदोबरोबरच जाणार ना तुम्ही? — बरं केलंत. वर शांमध्ये, आमच्या गावात, वाटाडे खूप आहेत, पण पाऊल कुठे टाकायचं ते त्याच्याइतकं सांभाळून कुणी दाखवत नाही. माझा नवरा आहे म्हणून नाही म्हणत — म्हणजे, नवरा आहेच. बसा ना बाई, गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, ड्रायव्हर अजून कॉफी पितोय. हे डाळिंब घ्या. वरचंच आहे, राखेतलं. राखेतलं फळ इतकं गोड का लागतं, देव जाणे.

उजाडायच्या आत निघाल तुम्ही. शिखरावरून सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो, ढग आपल्या पायाखाली, आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधकाची पिवळी भोकं — हात लावू नका, चटका बसतो. खरी मजा उतरताना. गुडघाभर काळ्या राखेतून पळत सुटायचं, म्हातारे पाहुणेसुद्धा पोरांसारखे खिदळतात. मग तो तुम्हाला छप्पर दाखवील. सगळं घर लाव्ह्यात गेलंय, छपराचा एक कोपरा तेवढा वर राहिलाय, त्यावर चढून लोक फोटो काढतात. तुम्हीही काढा. आमचंच घर ते — नाही, वाईट कशाला वाटायचं, छपराला काय दुखतंय?

मागच्या वेळी लाव्हा आला ना, तो काही धावत नाही येत. गाभण गाईसारखा येतो, थांबत थांबत. म्हणून आमच्याकडे रीत आहे, आधी दारं उतरवायची. दारं, खिडक्या, वासे, असेल नसेल ते लाकूड — बेटावर झाडं कुठली, लाकूड बोटीनं येतं. सगळं गाव दारं डोक्यावर घेऊन चाललेलं, आणि लुसिंदो उंबऱ्यात उभा. म्हणाला, दार काढलं म्हणजे डोंगराला ‘ये’ म्हटल्यासारखं. कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. माझी जाऊ रडता रडता हसली, म्हणाली, भावजींनी डोंगराला कुलूप दाखवलं.

मग त्याच लाव्ह्यावर आम्ही नवं घर बांधलं. का नाही बांधायचं? द्राक्षं तिथे, शेळ्या तिथे, सासू पुरली ती तिथे — खाली येऊन खायचं काय, समुद्राचं पाणी? जमीन पहिल्यापासून उबदार. थंडीत पायांना बरं वाटायचं, पीठ मळून जमिनीवर झाकून ठेवलं की आपसूक फुगायचं. अलीकडे — नाही, उबदारच. जरा जास्त. अनवाणी उभं राहवत नव्हतं, एवढंच. शेळ्या आत बसेनात. डोंगराची धग मोजणारे यंत्रवाले येऊन बघून गेले, म्हणाले ठीक आहे. मग ठीकच असणार. त्यांना काय कळत नाही?

मी? मी इथे बहिणीकडे राहते सध्या. खोकला आहे मला. म्हणजे, लुसिंदो म्हणतो खोकला आहे. राखेनं तुझी छाती भरलीय, समुद्राची हवा घे जरा. लग्न झाल्यापासून खोकतेय मी बाई, कधी शब्दानं विचारलं नव्हतं त्यानं. आणि हे म्हणाला त्याच संध्याकाळी मी दार लोटायला गेले, तर दार हाताबरोबर हललं. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल केलेले. वर तेल घातलेलं. तो मक्याचा काचुपा खात बसला होता, ताटातून मान वर केली नाही.

मी म्हटलं, “लुसिंदो, तूही येतोयस ना?”

म्हणाला, “पाहुणे आहेत.”

“मग त्या पाहुण्यांना तरी कशाला नेतोस वर?”

उठून ताट धुवायला गेला. बोलेल कसा? वाटाड्या डोंगराबद्दल वाईट बोलला की संपलं — एकानं तोंड उघडायचं आणि साऱ्या गावाच्या चुली बंद व्हायच्या, पाहुणा फिरकायचा नाही, वाइन पिंपात पडून राहायची. कुणी बोलायचं? ज्याला त्याला वाटतं, दुसऱ्यानं बोलावं.

पण तुम्ही घाबरू नका हं. मी कुठे काय म्हटलं? एवढंच करा, आमच्याकडे मुक्कामाला उतराल, बूट काढाल तेव्हा जमिनीला पाय लावून बघा, आणि परत आलात की मला सांगा. मी रोज इथेच असते, फळं घेऊन. आणि त्याला म्हणावं — नको, काही म्हणू नका. मी बोलले ते कळेल त्याला.

ड्रायव्हर हाक मारतोय बघा. जा, पुढची जागा धरा, मागे फार हादरे बसतात. — अशा उभ्या का राहिलात? काय, मी एकटीच आले का खाली? एकटी कशी येईन, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी तर खचाखच भरली होती. कुणाची दाढ दुखत होती, कुणाच्या भाचीचं बाळंतपण होतं, मला खोकला. सगळ्या वाटाड्यांच्याच बायका होत्या.