जपान झालं का?

तुम्ही हसाल, पण मी पाच वॅटमध्ये जपान गाठलंय. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, रीतसर परवाना आहे, चिखलीत आमच्या गच्चीवर तार ताणलीय, आणि बसायचं फक्त गुरुवारी. त्या दिवशी वर्कशॉपना सुट्टी, म्हणून रेडिओवर लांबचा बारीक आवाजही ऐकू येतो. एरवी खाली सलीमभाईंचं वेल्डिंग सुरू झालं की नुसती खरखर.

तर एका गुरुवारी मोर्सच्या टिकटिकीत जपानचा एक गडी सापडला. दोन वर्षांत पहिल्यांदा! त्यानं माझं नाव विचारलं आणि तेवढ्यात खर्रर्र! त्याला "थांब" असं कळवलं आणि तीन मजले पळत खाली.

"सलीमभाई, आज गुरुवार ना?"

"चाकणचा अर्जंट जॉब आहे राव. संध्याकाळी टेम्पो येणार."

"पाच मिनिटं बंद ठेवा. जपान लागलंय."

"किती वॅटवर?"

"पाच."

त्यांनी डोक्यावरच्या बल्बकडं बोट केलं. "हा नऊचा आहे. काय फेकता राव!"

पण मशीन बंद केलं आणि खात्री करायला माझ्यामागं वर आले. गडी थांबलेला होता! टिकटिक सुरू झाली.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, कुठं गेला होतास?"

"माझं नाव सांगा. सॉरी म्हणा."

मी कळवलं. उत्तर आलं, सलीमना धन्यवाद.

आता गुरुवारी अर्जंट काम आलं की सलीमभाई आधी खालून ओरडतात, "भाऊ, जपान झालं का? चालू करू मशीन?"