एकाच जेवणात दोनदा टाळ्या

…आणि वर लोक मलाच विचारतात, "मिली, एवढं महाग मांस घेण्यात अर्थ आहे का गं?" मला कशाला विचारता? मी काही बोलत नाही. वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हासुद्धा मी नुसता हात वर करते. पण विषय निघालाच आहे तर तुम्हाला सांगते, त्या रविवारी काय झालं ते.

आमच्या घरी, म्हणजे आमच्या चिव्हिलकोय गावात सगळ्यांच्याच घरी, रविवारी परसात मांस भाजायची जाळी पेटते. आमच्या जाळीवर बाबांचं राज्य. सकाळपासून निखारे सारत बसतात, तीतो खाटकाकडची बरगड्यांची स्वस्तातली पट्टी तास न् तास मंद आचेवर ठेवतात, आणि कोणी जवळ आलं की चिमटा दाखवतात. मग पहिलं वाढून झालं की कोणीतरी म्हणतं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या," आणि आम्ही टाळ्या वाजवतो. जेवणात एकदाच, तशी रीतच आहे. बाबा म्हणतात, "पुरे, पुरे," आणि त्या टाळ्यांवर आठवडा काढतात. पीठगिरणीत त्यांच्यासाठी कोण टाळ्या वाजवणार?

तर त्या रविवारी राजधानीहून फाब्रीसिओ मामा आला, मामीला घेऊन. मामा पोहण्याचे तलाव विकतो. हातात काळा खोका, आत मऊ कागद, कागदात मांसाचे दोन तुकडे, माझ्या शब्दकोशाएवढे जाड. नऊ माणसं आणि दोन तुकडे, बरं का.

"महिनाभर थंड खोलीत मुरवलंय," मामा म्हणाला.

"महिनाभर?" आजी म्हणाली. "आपल्याकडे त्याला शिळं म्हणतात."

आईने किंमत विचारली, मामाने सांगितली, आणि आई खुर्चीवर बसली. त्या पैशात हिवाळाभर घर गरम ठेवायचा आमचा गॅस येतो. मी काही बोलले नाही.

मग मामा थेट जाळीपाशी गेला. चिमटा दाखवला तरी गेला. म्हणाला, "दाजी, तुम्ही फक्त मीठ टाका. चांगलं मांस आपलं आपण भाजलं जातं. कोणीही भाजेल."

बाबांचा चिमटा हवेतच थांबला. आलं का तुमच्या लक्षात? म्हणजे चांगलं झालं तर मांसामुळे, आणि बिघडलं तर बाबांमुळे… दोन्हीकडून टाळ्या गेल्या की नाही? बाकी कोणाच्या लक्षातच आलं नाही. आई कांदा चिरत होती, मामी फोटो काढत होती, आणि मी काही बोलले नाही.

बाबांनी भाजलं. मामाने हिरव्या चटणीची वाटी उचलून आत नेऊन ठेवली, म्हणे, "याच्यावर चटणी घालणाऱ्याला मी पुन्हा भेटणार नाही." आणि आम्ही खाल्लं. खोटं कशाला सांगू, फार छान होतं. इतकं छान की मला बाबांचा विचार करून रागच आला. मामी ग्लास उचलून म्हणाली, "आमच्या फाब्रीसिओसाठी टाळ्या." सगळ्यांनी वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, चिमटा काखेत धरून. मी हात टेबलाखाली ठेवले. तेवढंच मला जमतं.

आणि मग ताटं रिकामी झाली. तीन-चार घासांत. सगळे जाळीकडे बघायला लागले. आजीने ओठ पुसले. "छान होतं रे, फाब्रीसिओ. आता जेवायचं कधी?"

बाबा जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले, तिथे पत्र्याचं झाकण होतं, ते उचललं, आणि खाली तीतोकडची पट्टी. पहाटेपासून तिथेच. "सवयीने ठेवली होती," असं जमिनीकडे बघत म्हणाले. चटणी बाहेर आली, सुऱ्या बाजूला पडल्या, सगळ्यांनी हाडं हातात घेतली. मामाने दुसरं हाड घेतलं, तिसरं घेतलं, बाहीवरून चरबी कोपरापर्यंत गेली तरी थांबेना.

पण टाळ्या? टाळ्या तर संपल्या होत्या. बाबा जाळीपाशी उभे राहून पुसलेला चिमटा पुन्हा पुसत होते, आणि मधूनच आमच्याकडे बघत होते… तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी आईकडे बघितलं, आजीकडे बघितलं, मामीकडे बघितलं. सगळ्यांची तोंडं भरलेली. रिकामं तोंड एकटं माझं.

उठले. खुर्ची पडली. "भाजणाऱ्यासाठी टाळ्या," मी म्हणाले, आणि आवाज असा आला की जणू आमच्या फाटकाचं बिजागर बोलतंय. कुत्रासुद्धा बघायला लागला. एकाच जेवणात दुसऱ्यांदा? मग मामानेच हाड खाली ठेवलं आणि तेलकट हातांनी वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनी, आणि बाबा "पुरे, पुरे" म्हणालेच नाहीत.

तेव्हा महाग मांस परवडतं का विचाराल, तर मामाला परवडतं. आता तो दर रविवारी दोन तुकडे आणतो, ते खाऊन सगळ्यांना भूक लागते, मग बाबा पट्टी वाढतात, चिमटा खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. नऊच्या नऊ जण… म्हणजे मला सोडून आठ जण माझ्याकडे बघतात. माझे कान तापतात, आणि आजी म्हणते, "बोल गं बाई लवकर, गार होतंय."