नॉर्दरची दुसरी खेप

(२००४ सालचा जून. ओहायोत, एरी सरोवराच्या काठावरची जुनी करमणूक बाग. त्या वर्षी तिथे ‘नॉर्दर’ नावाचा चारशे फूट उंच रोलरकोस्टर नव्यानेच सुरू झाला होता. त्याच्या रांगेत ग्लेंडा आणि मर्ल हे नवराबायको उभे आहेत. तो लॉरेन गावच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला. तिची उमर शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेली.)

ग्लेंडा : मग नाडी बघू दे.

मर्ल : आत्ताच बघितलीस.

ग्लेंडा : ती त्या खांबापाशी. आता आपण पुढे आलो.

मर्ल : ग्लेंडा, लोक बघतायत.

ग्लेंडा : बघू देत. हात दे.

मर्ल : किती भरली?

ग्लेंडा : बोललास, आणि माझं मोजणं चुकलं. पुन्हा धर.

मर्ल : तुला एवढी धास्ती आहे तर खाली बाकावर बसायचं होतंस. नेहमीसारखं.

ग्लेंडा : लग्न झाल्यापासून बाकावरच बसतेय. तुझी टोपी, तुझा चष्मा, तुझी किल्ली. एकदा तर तुझे दात.

मर्ल : दात एकदाच. आणि ते नवीन होते, बसले नव्हते अजून.

ग्लेंडा : रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते मी. शेजारची बाई विचारत होती, खायला काय आणलंय. आज मी बाकावर नाही बसणार. वरच्या फलाटापर्यंत येणार, पुढचं पुढे.

मर्ल : फलाटावरून परत उतरायला एक दार असतं. भित्र्यांचं दार म्हणतात त्याला. तिथून तुला सोडतो आणि मी जाऊन बसतो.

ग्लेंडा : कोणाला कुठून सोडायचं ते वर गेल्यावर बघू. हा आवाज कसला?

मर्ल : गाडी सुटली.

ग्लेंडा : ही सुटली? ही तर भिरकावली.

मर्ल : तेच तर असतं त्यात.

ग्लेंडा : मला सगळं सांग. पहिल्यापासून, काय काय होतं ते.

मर्ल : तुला कशाला?

ग्लेंडा : तुझ्या छातीला काय काय सोसायचंय ते मला कळू दे.

रोशेल : माफ करा हं, मधेच बोलते. मागे उभी आहे, कानावर पडतंच. मी सांगू का? मे महिन्यापासून दर रविवारी बसतेय मी यात.

ग्लेंडा : दर रविवारी? एकटी?

रोशेल : एकटीच. मी रोशेल. टोलेडोला शाळेची बस चालवते.

ग्लेंडा : आठवडाभर बस चालवून हौस फिटत नाही?

रोशेल : बस जोरात पळवता येत नाही, बाई. मागे पोरं असतात.

मर्ल : सांग तिला. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

रोशेल : आधी काहीच होत नाही. तेच सगळ्यांत वाईट. गाडी सरळ रुळावर येऊन उभी राहते आणि समोर तो मनोरा. त्याच्याकडे बघायचं नाही असं सगळे सांगतात, आणि सगळे बघतात. मग रुळांमधले ब्रेक खाली पडतात, खट्‌ खट्‌ खट्‌. तो आवाज आला की डोकं मागे टेकवायचं. आपण नाही टेकवलं तर गाडी टेकवते.

मर्ल : आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत ताशी एकशेवीस मैल.

ग्लेंडा : आपल्या गाडीला साठ गाठायला उतार लागतो.

रोशेल : श्वास आधीच घेऊन ठेवायचा, नंतर जमत नाही. गाल कानांकडे जातात. डोळ्यांतलं पाणी आडवं वाहतं.

ग्लेंडा : आणि छाती?

रोशेल : छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. चांगलं भरभक्कम माणूस.

ग्लेंडा : ऐकलंस, मर्ल?

मर्ल : ऐकलं. पुढे सांग गं, वरचं सांग.

रोशेल : मग सरळ वर. पाठीवर झोपल्यासारखं, समोर नुसतं आकाश. टोकावर एकदम सगळं शांत होतं आणि बसल्या जागेवरून अंग उचललं जातं. तेव्हा सरोवर दिसतं, पार बेटांपर्यंत. पण तेवढ्यात गाडी खाली तोंड करते आणि पीळ घेत उतरते. संपलंसुद्धा. आणि हो, तोंड मिटून ठेवायचं. कॅनडाचे शिपाई आलेत.

ग्लेंडा : सकाळीच ओसरीवरून फावड्याने काढले मी. पंखच पंख. सरोवरातून येतात आणि दिव्याखाली मरून पडतात मेले.

रोशेल : तेच किडे. त्या वेगात एखादा दातावर बसला तर गारेसारखा लागतो. आणि एक राहिलंच. कधी कधी गाडी—

मर्ल : बस, एवढंच. बाकी काही नसतं.

रोशेल : नाही, पण—

मर्ल : ती उगाच घाबरेल.

ग्लेंडा : कधी कधी गाडी काय?

मर्ल : उशिरा सुटते. चल, रांग पुढे सरकली.

ग्लेंडा : हा फलाट आला.

मर्ल : आला. ते बघ दार, साखळी लावलेलं. जा, संभाळून उतर. टोपी घे माझी.

ग्लेंडा : मर्ल यूजीन, डॉक्टर तुला काय म्हणाले होते?

मर्ल : पूर्ण नाव घेतलंस म्हणजे मेलोच मी. जपून राहा म्हणाले.

ग्लेंडा : शिडीवरसुद्धा चढायचं नाही असं म्हणाले. मी मंगळवारी फोन केला होता त्यांना.

मर्ल : मंगळवारी? आणि आज रविवारी माझ्याबरोबर एवढी रांग लावलीस? घरीच का नाही बोललीस?

ग्लेंडा : घरी बोलले असते तर तू मान हलवली असतीस. आणि मी चर्चला गेले की गाडी काढली असतीस.

मर्ल : ग्लेंडा, मार्चमध्ये हॉस्पिटलच्या त्या खाटेवर मी एकच गोष्ट ठरवली होती.

ग्लेंडा : मला माहीत नाही? खाडीपलीकडे तू पडलेला, आणि खिडकीतून हा मनोरा. उशी उंच कर, उशी उंच कर. तुझं काळीज उघडायचं होतं दुसऱ्या दिवशी, आणि तू याच्याकडे बघत होतास.

मर्ल : यातून उठलो तर त्यावर बसेन म्हटलं होतं. उठलो ना मी?

ग्लेंडा : उठलास. म्हणूनच सांगतेय. त्या दारातून खाली जा.

मर्ल : मी? या दारातून? आजवर कधी गेलो नाही.

ग्लेंडा : आज जा. तुझ्या जागेवर मी बसते.

मर्ल : तू? चर्चच्या जत्रेतल्या लाकडी घोड्यावरून तू चालू असताना उतरली होतीस.

ग्लेंडा : तो घोडा वरखाली होत होता, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. याचं मी सगळं ऐकून घेतलंय. खाली आले की तुला एकूणएक सांगेन, काही सोडणार नाही. नाहीतर दोघं बसू, आणि मी त्या टोकावर तुझी नाडी बघत राहीन. बोल.

मर्ल : मागचे लोक खोळंबलेत.

ग्लेंडा : मग लवकर बोल.

मर्ल : दे तुझा चष्मा. रोशेल, हिला डोकं मागे टेकवायला सांग.

रोशेल : सांगते. जा तुम्ही.

\*

ग्लेंडा : एवढाच दांडा? मांडीवर? पाळण्यातल्या बाळाला याहून घट्ट बांधतात.

रोशेल : पुरतो तेवढा. हात इथे ठेवा.

ग्लेंडा : मर्ल दिसतोय का तुला? मला चष्म्याशिवाय नुसते ठिपके दिसतात.

रोशेल : कुंपणापाशी आहेत. टोपी काढून हातात धरलीय.

ग्लेंडा : टोपी काढलीय? म्हणजे प्रार्थना करतोय. ईस्टरलासुद्धा झोपतो हा माणूस.

रोशेल : समोर बघू नका.

ग्लेंडा : बघितलं.

रोशेल : ब्रेक पडले, ऐकलंत? डोकं मागे. श्वास घ्या.

ग्लेंडा : हे आमच्या स्वर्गातल्या बापा—

रोशेल : तोंड मिटा.

\*

ग्लेंडा : शांत झालं. आलं का टोक?

रोशेल : बाई, आपण थांबलोय.

ग्लेंडा : थांबते असं कुठे सांगितलं होतं? सरोवर कुठाय?

रोशेल : टोक अजून वर आहे. पोचली नाही गाडी.

ग्लेंडा : मग आता?

रोशेल : आता मागे.

ग्लेंडा : मागे कुठे—

\*

ग्लेंडा : मर्लला अंधारात गाडी चालवता येत नाही. तो घरी कसा जाणार?

रोशेल : बाई, डोळे उघडा. खाली आलोय आपण, निघालो होतो तिथेच.

ग्लेंडा : धड?

रोशेल : अगदी धड.

ग्लेंडा : मग लोक टाळ्या का पिटतायत?

रोशेल : आपला हेवा वाटतोय त्यांना. याला रोलबॅक म्हणतात. समोरून वारा असला की कधीतरी गाडीची धाव कमी पडते आणि ती टोकाच्या अलीकडूनच मागे घसरते. ब्रेक तोवर वर आलेले असतात, ते तिला धरतात. धोका काही नाही. आमच्या रोलरकोस्टरवाल्यांच्या क्लबातले लोक यासाठी दिवसदिवस ताटकळतात. मला आज पहिल्यांदा मिळाला, आणि तुम्हाला पहिल्याच फेरीत.

ग्लेंडा : मर्लला हे माहीत होतं?

रोशेल : रांगेत मी हेच सांगत होते.

ग्लेंडा : असं आहे तर.

रोशेल : आता हीच गाडी परत सोडतील. ज्याला उतरायचंय त्याने हात वर करायचा. तुमचं काय?

ग्लेंडा : तो काय करतोय?

रोशेल : कुंपण दोन्ही हातांनी धरलंय. चेहरा उतरलाय त्यांचा.

ग्लेंडा : अगं मग हात करून दाखव त्याला. मी बरी आहे म्हणावं.

रोशेल : हात केला तर आपल्यालाच उतरवतील.

ग्लेंडा : म्हणजे उतरावं, नाहीतर त्याला तसंच उभं ठेवावं.

रोशेल : हो. आणि लवकर ठरवा.

ग्लेंडा : सरोवर बघितलंच नाही गं. खाली जाऊन त्याला सांगू काय? अर्ध्यातून परत आले म्हणून? या खेपेला पोचेल का?

रोशेल : बहुतेक.

ग्लेंडा : बहुतेक म्हणजे काय?

रोशेल : बहुतेक म्हणजे बहुतेक. डोकं मागे, बाई.

\*

मर्ल : बस इथे. पाणी पी. हात दे.

ग्लेंडा : कशाला?

मर्ल : नाडी बघतो.

ग्लेंडा : माझी काय बघतोस? तू काही खाल्लंस का?

मर्ल : तळलेले बटाटे घेतले होते, व्हिनेगर घालून. कुठे ठेवले आठवत नाही.

ग्लेंडा : गाडी मागे येते हे तुला माहीत होतं.

मर्ल : सांगितलं असतं तर तू मला रांगेतही उभं राहू दिलं नसतंस.

ग्लेंडा : नसतंच दिलं.

मर्ल : धोका नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, ग्लेंडा. ब्रेक कसे धरतात ते मी कोणालाही समजावून सांगेन. पण ती मागे घसरली ना, तेव्हा मला त्यातलं काही आठवेना. तू इतकी वर्षं इथे हे असं करत होतीस?

ग्लेंडा : बसून करत होते. उभं राहायचं नसतं, गुडघे जातात. बाक त्यासाठीच आहे.

मर्ल : तुला एक सांगायचं राहिलंय. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी इथे चाचणी चालली होती. माणसं नव्हती, पाण्याने भरलेले पुतळे बसवले होते. गाडी वर चढली, आता टोक गाठणार, आणि थांबली. घसरत मागे आली. तू कॉफी आणायला गेली होतीस.

ग्लेंडा : बोलला नाहीस.

मर्ल : मला वाटलं, हे आपल्यालाच दाखवलं कोणीतरी. उद्याचं. मग त्यांनी तीच गाडी परत सोडली. आणि ती गेली पलीकडे.

ग्लेंडा : मी आले तेव्हा तुझे डोळे लाल होते. औषधाने चुरचुरतायत का विचारलं तर हो म्हणालास.

मर्ल : हो म्हणालो.

ग्लेंडा : मी नर्सशी भांडले रे त्या औषधावरून.

मर्ल : ऐकू येत होतं मला. आता सांग. टोकावरून काय दिसलं? काही सोडायचं नाही, कबूल केलंयस.

ग्लेंडा : माझा चष्मा तुझ्या खिशात होता, मर्ल.

मर्ल : तरी पण.

ग्लेंडा : निळं. वरही निळं, खालीही निळं. मधे एक पांढरं काहीतरी हळूहळू जात होतं.

मर्ल : बेटावरची बोट.

ग्लेंडा : असेल.

मर्ल : तीच. तीच असणार. पुढे?

\*

रोशेल : बाई, इथेच बसा, सावली आहे. बाक मात्र मधल्या वर्षांत बदलला त्यांनी.

ग्लेंडा : जुना बरा होता. त्याला टेकायला पाठ होती. मनोरा खरंच पाडणार?

रोशेल : या हिवाळ्यात. सुटे भागच मिळेनात म्हणतात. म्हणून तर तुम्हाला आणलं. किती वर्षं झाली हो?

ग्लेंडा : सतरा. त्यातली अकरा मर्लला मिळाली. शिडीवर चढायचं नाही म्हणून सांगितलेलं, पण दर पानगळीत पन्हळ साफ करायला वर. मी खाली शिडी धरून. शेवटी गेला तो कशाने, तर खुर्चीत बसून फुटबॉल बघताना. मी सूप गरम करत होते. त्याचा संघ जिंकत होता, तेवढं बरं झालं.

रोशेल : यात मात्र कधीच नाही बसले ते.

ग्लेंडा : कधी नाही. दर जूनला यायचा, माझा चष्मा घेऊन बाकावर बसायचा. मी वर जाऊन यायची. गुडघे होते तोवर, सात वर्षं, मी जात राहिले. खाली आले की आधी नाडी, मग पुढचं.

रोशेल : तुम्हाला पुन्हा मिळाला का हो? रोलबॅक?

ग्लेंडा : एकदाही नाही. तुला?

रोशेल : मलाही नाही. आता बसवरची पोरं मोठी होऊन मला गाडीत भेटतात. बसही सोडली मी, नव्या ड्रायव्हरांना शिकवते. मान दुखते हल्ली. डॉक्टर म्हणतात, हे बंद करा.

ग्लेंडा : आणि तू मान हलवलीस.

रोशेल : दुखते म्हणून जपून हलवली.

ग्लेंडा : बरं, जा. आजचा दिवस जाऊन ये. टोपी दे इकडे. किल्ली दे. चष्मा नको, तो ठेव, सरोवर बघ नीट. आणि तोंड मिटून ठेव, शिपाई आलेत.