ऐकणं, भाग पहिला

...आणि विषय काय, तर ऐकणं! तुम्हाला सांगते, अडीच तास तो माणूस ऐकण्यावर एकटा बोलत होता! मध्ये पाणी प्यायला तेवढा थांबला, मी पटकन उठून ‘नाना, एक शंका...’ म्हटलं, तर ग्लास तोंडाला तसाच ठेवून हातानंच मला खाली बसवलं! बसा. ऐका. शिका.

धुळ्याचं देवपूर, तिथल्या एका शाळेचा हॉल, आणि दवाखान्यादवाखान्यांतून गोळा केलेले आम्ही चाळीस समाजसेवक. मी जळगावची, मनोविकार विभागातली. डॉक्टर गोळ्या देतात, मी पेशंटशी बोलते, घरच्यांशी बोलते. एम.एस.डब्ल्यू. होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच उजळणी वर्ग! मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिन्ही दिवस बसलात तर प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असेल तर नोकरीत कायम. शिकवायला रतिलाल नाना. नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बोलण्यातून अजून व्हायचेत! दर पाच मिनिटांनी फळ्यावर खडू आपटून, “पेशंटला एकच प्रश्न विचारायचा. तुम्हाला काय वाटतं? म्हणा सगळे!” आणि आम्ही बालवाडीसारखे... तुम्हाला काय वाटतं!

मला काय वाटतं ते विचारा ना कोणीतरी!

अहो, हाच प्रश्न मी आमच्या एका पेशंटला, भिकुबाईंना विचारला होता. ‘आज काय वाटतं, भिकुबाई?’ तर म्हणाल्या, ‘आज? मिरच्या वाटल्या, लसून वाटला, आनखी काय वाटनार माय?’ हे नानांना सांगायचं होतं मला. पण सांगणार कधी? ते ऐकण्यावर बोलत होते!

आणि माझा सगळा जीव बुधवारात अडकलेला. असोद्याची शेवंताबाई. तेवीस वर्षांची, सहा महिने घरात कुणाशी एक शब्द नाही. सासरे चुडामण आबा दर बुधवारी तिला दवाखान्यात आणायचे, आणि मला सरळ सांगून ठेवलेलं, ‘या महिन्यात बोलली तं ठीक. नही तं माहेरी सोडून येतो, कायमची.’ तीन बुधवार ती माझ्यासमोर नुसती पदर पिळत बसली. तिसऱ्या बुधवारी उठता उठता, दारातून, अगदी इतकुसं... ‘ताई, पुढच्या बुधवारी सांगते.’ महिन्यातला शेवटचा बुधवार! आणि मी कुठे? देवपुरात!

आमचे साहेब, झुलाल आबा, त्यांना म्हटलं मी पुढच्या वर्गाला जाते. तर, ‘तू जा गं पोरी. मी बघतो ना तिला. तीस वर्षं काय केलं मी?’ काय केलं ते मला विचारा! ‘बाई, देवाचं नाव घे, टॉनिक पी, सासूचं ऐक.’ झालं! पुढचा पेशंट!

मंगळवारी दुपारी नाटुकलं केलं. मी पेशंट, नाना समाजसेवक. “तुम्हाला काय वाटतं?” मी शेवंताबाईसारखी गप्प, पदर पिळत. घड्याळ होतं समोर... अकरा सेकंद! मोजून अकराव्या सेकंदाला नाना सुरू! “असं गप्प बसू नये बाई, पहाटे उठावं, घरकामात मन रमवावं...” आणि टाळ्या! हॉलभर टाळ्या! मी म्हटलं, ‘नाना, पेशंट अजून बोललीच नाही.’ तर चाळिसांसमोर म्हणतात, “आजकालच्या मुलींना धीर नाही.”

नाहीच मुळी! बुधवारी सकाळी उठले आणि सरळ एस.टी.त बसले. कायम-बियम गेलं उडत! पारोळा, एरंडोल... ड्रायव्हरला प्रत्येक थांब्यावर चहा! धुळीनं आणि संतापानं भरून साडेअकराला पोचले, तर शेवंताबाई बाकावर बसलेली. झुलाल आबांनी टॉनिकची बाटली देऊन वाटेला लावलेलं, तरी बसलेली! बाटली चुडामण आबांच्या हातात. मी तिला आत घेतलं, दार लावलं, खुर्ची ओढली, आणि काय केलं असेल? तुम्हाला काय वाटतं?

मी बोलले! ‘बाई, काय सांगू तुम्हाला...’ अशी जी सुटले, ते नाना, तो खडू, त्या टाळ्या, ते अकरा सेकंद... वीस मिनिटं! श्वास घ्यायला थांबले तेव्हा भानावर आले. अरे देवा... आता ही काय बोलते!

तिच्या हातातला पदर सुटला होता. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘ताई, आता तुमाले कसं वाटते?’

आणि थांबली. चांगली थांबली.

‘बरं वाटतंय,’ म्हटलं.

‘तुमचंबी कोनी ऐकत नही,’ म्हणाली... आणि मग ती बोलली. तासभर. काय, ते सांगणार नाही. ते तिचं आहे. बाहेर येऊन चुडामण आबांना म्हणाली, ‘आबा, चला, गाडी जाईन.’ टॉनिकची बाटली त्यांच्या हातातून सुटून फुटली ती तिथे! माहेरचं नाव काढलं नाही त्यांनी पुन्हा.

झुलाल आबा खूश. ‘बघ! एक दिवस शिकलीस तर पेशंट बोलली!’ मी म्हटलं, ‘आबा, अहो मी तर...’ पण ऐकतो कोण? अहवाल टाइप होऊन गेलासुद्धा. प्रशिक्षणाचा उत्तम परिणाम, सबब पुढील वर्गास पाठवावे. पाच दिवस. ऐकणं, भाग दुसरा. पुन्हा रतिलाल नाना!

बुधवार चुकणार म्हणून शेवंताबाईला आधीच सांगितलं. हसली. म्हणाली, ‘जा ताई. आल्यावर सांगा सगळं. मी ऐकते ना.’