फिकट हिरवा

(ऑफिस, दुपार. ताईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आहे. नवी साइट लोकांपुढे जाण्याआधी पाच पायऱ्यांतून तपासणारी कंपनीची संगणकी पाइपलाइन ताईंनी बांधली; तिच्यातल्या चाचण्या शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांच्या. बारीकसारीक चुका शोधतात म्हणून सगळे त्यांना भिंगराव म्हणतात. फोनवर साहेब, ग्राहकाच्या लॅबमधून.)

साहेब : ...मग मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या डोळ्यांदेखतच होऊन जाऊ दे. आणि दाबलं!

ताई : काय दाबलं?

साहेब : अहो, एकच तर बटण दिलंय तुम्ही मला. 'सोडा'. लॅबची नवी साइट सोडली. पेशंटला घरबसल्या रिपोर्ट, आता एका टिचकीत. डॉक्टर एकदम गार!

ताई : साहेब, ती आज सोडायची नव्हती. सकाळीच नापास झालीय.

साहेब : नापास कसली? माझ्या फोनवर सगळं हिरवंगार आहे. पाचच्या पाच दिवे.

ताई : पाचही हिरवे?

साहेब : तिसरा जरा फिकट वाटतोय. खिडकीतून ऊन येतंय ना, म्हणून असेल.

ताई : भिंगराव.

भिंग : हं.

ताई : तिसरा दिवा फिकट का आहे?

भिंग : फिकट म्हणजे नापास.

ताई : नापास म्हणजे लाल. मी लाल दिला होता.

भिंग : होता. पण साहेबांना लाल सोसत नाही. वहिनींचा फोन आला होता मला, यांना लाल काही दाखवत जाऊ नका, रात्रभर येरझाऱ्या घालतात म्हणून. आधी पिवळा करून पाहिला. पिवळ्यानेही घाम फुटला त्यांना. मग फिकट हिरवा केला. तेव्हापासून घरात शांतता आहे म्हणतात.

साहेब : मला ब्लडप्रेशर-बिशर काही नाहीये हं!

भिंग : ब्लडप्रेशरचं मी कुठे काय म्हटलं?

ताई : ते राहू द्या. साहेब, तिसरी पायरी सुरक्षेची असते. साइटला भोक सापडलंय. आपला रिपोर्ट उघडायचा आणि वर पत्त्यात जो नंबर दिसतो त्यातला एक आकडा बदलायचा. दुसऱ्या माणसाचा रिपोर्ट उघडतो.

साहेब : कोणाचाही?

भिंग : कोणाचाही. चाचणीत तुमचा उघडला.

साहेब : माझा? माझा कसा आला तिथे?

भिंग : नमुना म्हणून तुम्हीच दिला होतात. म्हणालात, खराखुरा रिपोर्ट असला की डेमोला वजन येतं.

साहेब : तुम्ही वाचलात?

भिंग : नाव दिसल्याबरोबर मिटला.

साहेब : डोळे की रिपोर्ट?

भिंग : आधी रिपोर्ट.

ताई : साहेब, आता जरा गप्प बसाल का? साइट खरंच बाहेर गेली असेल तर या क्षणी कोणीही कोणाचीही कावीळ वाचत बसलेलं असेल.

साहेब : पण मधे ते तुमचं फाटक आहे ना? तुम्हीच म्हणाला होतात, आता हाताने कोणी काही चढवायचं नाही, चाचणीत अडकलं तर फाटक उघडतच नाही. त्या शब्दावर मी जुनी पद्धत बंद केली, ताई. आठवतंय ना?

ताई : मला आठवतंय. भिंगराव, रंग बदलताना तुम्ही नेमकं काय केलंत?

भिंग : जिथे जिथे 'लाल' लिहिलं होतं, तिथे तिथे 'फिकट हिरवा' केलं.

ताई : सगळीकडे?

भिंग : सगळीकडे. काम अर्धवट ठेवायची सवय नाही मला.

ताई : फाटकातसुद्धा?

भिंग : फाटक सोडून. ते तुमचं ना.

ताई : भिंगराव!

भिंग : फाटकात काय लिहिलं होतं ते आठवतोय. तुम्हीच लिहिलंय ते. 'लाल असेल तर थांब' असं लिहिलं असेल, तर आता ते कधीच थांबणार नाही. कारण लाल आता आपल्याकडे शिल्लकच नाही.

साहेब : अरे देवा. डॉक्टर येताहेत. काय करू?

ताई : हसा. भिंगराव, तुमचा रिपोर्ट आहे ना या लॅबमध्ये? खऱ्या साइटवर उघडा. मी फाटक बघते.

भिंग : उघडला. कोलेस्टेरॉल वाढलंय.

ताई : ते नंतर. आकडा बदला.

भिंग : बदलला. फिरतंय.

साहेब : काय फिरतंय?

भिंग : चक्र. डोकंही.

साहेब : अजून फिरतंय?

भिंग : थांबलं. 'हा रिपोर्ट तुमचा नाही.' ताई, जुनीच साइट आहे! नवी गेलीच नाही!

ताई : आणि हे बघा इथे, फाटकाची नोंद. 'तिसरी पायरी नापास. सोडलं नाही.' मी रंग विचारलाच नव्हता त्याला. पास की नापास, एवढंच विचारलं होतं. हुश्श! पाणी द्या हो कोणीतरी.

भिंग : माझीच बाटली घ्या. मीही पितो मग.

साहेब : थांबा, थांबा. मग मी बटण दाबल्यावर 'धन्यवाद' कसं आलं?

ताई : 'धन्यवाद, विनंती पोहोचली' असं आलं असेल. पुढचं वाचलंत?

साहेब : 'धन्यवाद' आलं की पुढचं कोण वाचतं? बरं, डॉक्टरांना आता काय सांगू?

ताई : खरं ते सांगा. भोक सापडलं, म्हणून साइट बाहेर गेली नाही.

साहेब : असं सरळ? धंद्यात?... थांबा, आलेच ते. हो, डॉक्टर, एक मिनिट. मी म्हणत होतो...

भिंग : ताई, जुनी पद्धत परत आणणार का साहेब?

ताई : गप्प बसा. ऐकू द्या.

भिंग : बाटली रिकामी केलीत तुम्ही.

ताई : बाटली लहान आहे.

साहेब : हॅलो! सांगितलं. म्हणाले, आम्हीही तेच करतो, शंका आली की रिपोर्ट देत नाही, पुन्हा रक्त काढतो. खूश आहेत, ताई. मला वाटलं होतं हाकलतील. उलट आमच्या दुसऱ्या शाखेचंही काम तुम्हीच बघा म्हणाले.

भिंग : म्हणजे साइट न चालल्यामुळे काम मिळालं.

साहेब : हो. हे आपल्या जाहिरातीत घालता येईल का, याचा विचार करतोय.

ताई : भिंगराव दुरुस्ती करतील. पाचही पायऱ्यांतून गेली की आपोआप सुटेल. तुम्ही फक्त बटणाला हात लावू नका.

साहेब : नाही लावत. ताई, एक करा. तो दिवा लाल करून टाका.

भिंग : आणि वहिनी?

साहेब : तिला मी सांगतो. ठळक लाल करा, उन्हातही दिसेल असा.

ताई : सोसेल ना?

साहेब : सोसेल. थांबा जरा... डॉक्टर, थोडं पाणी मिळेल का? नाही, तहान नाही. सकाळची गोळी राहिलीय.