चादरीमागची जोडी

हॉलिस : चादर कशाला बांधलीस, मेविस? मी डोळे मिटून बसलो असतो की.

मेविस : पत्ते खेळताना तुझे मिटलेले डोळे बघितलेत मी. बस खुर्चीत. डोकं खुणेवर ठेव. दोन स्पीकर आणि तुझं डोकं यांच्यात सारखं अंतर हवं म्हणून तूच टेपने मोजलंयस.

हॉलिस : म्हणजे तू कधी आपली जुनी जोडी वाजवणार, कधी नवी. कुठली ते सांगायचं नाही. आवडेल ती ठेवायची.

मेविस : आणि नवी नको असेल तर उद्या दुकानात परत. शनिवारी कोरिनचं लग्न आहे. पोरीला बापाबरोबर आपण दोघांनी रेकॉर्ड केलेल्या याच गाण्यावर नाचायचंय आणि गाणं अजून पक्कं होऊन या खोलीबाहेर पडलेलं नाही.

हॉलिस : स्पीकरचं एकदा ठरलं की पडेल.

मेविस : हे तू फेब्रुवारीपासून म्हणतोयस. ऐक, ही पहिली जोडी.

हॉलिस : हं. कोंदट आहे. रजईत तोंड घालून गिटार वाजवल्यासारखी.

मेविस : आता दुसरी.

हॉलिस : बघ, सगळं कसं मोकळं झालं. तार न तार वेगळी कळतेय. ही आपली जुनी. काय जिव्हाळा आहे हिच्यात.

मेविस : पहिली परत लावते.

हॉलिस : हीच ती नवी. कान टोचते. दुकानातली बाई म्हणालीच होती, ही जोडी कुणाचे लाड करत नाही, आहे तसं ऐकवते. उद्या सकाळी परत देऊन येतो.

मेविस : नक्की?

हॉलिस : हयात गेली माझी गिटार वाजवण्यात. एवढं कळतं मला.

मेविस : मग कर चादर बाजूला.

हॉलिस : नव्या जोडीच्या वायरी कुठायत?

मेविस : माझ्या ॲप्रनच्या खिशात.

हॉलिस : म्हणजे?

मेविस : म्हणजे तिन्ही वेळा जुनीच वाजली. मधे फक्त आवाज केसभर वाढवला. जरा मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं, फसू नये, हे तूच कोरिनला शिकवलंस ना?

हॉलिस : ही लबाडी झाली.

मेविस : झाली. पण जी वाजलीच नाही, ती तुझे कान कशी टोचते?

हॉलिस : आज हवा दमट आहे.

मेविस : हॉलिस.

हॉलिस : काल तू चर्चच्या जेवणाला कॅसरोल घेऊन गेलीस, तेव्हा नवी लावून ऐकली.

मेविस : मग?

हॉलिस : चांगली आहे. फारच चांगली. सगळं ऐकू येतं. रेकॉर्डिंगमध्ये शिरलेली माझ्या खुर्चीची करकर, शेजारच्यांचं गवत कापायचं यंत्र.

मेविस : अजून काय?

हॉलिस : दुसऱ्या कडव्यात तू वर जातेस ना, तिथे तुझा सूर जरा खाली राहतो. जुन्या जोडीवर झाकला जातो.

मेविस : म्हणजे आतापर्यंत तीन जोड्या आणून परत केल्यास, त्या वाईट नव्हत्या?

हॉलिस : चांगल्या होत्या. म्हणून तर परत केल्या.

मेविस : मला माहीत होतं.

हॉलिस : काय माहीत होतं?

मेविस : माझा सूर. गाडीत चांगलं वाजलं की कुठेही चांगलं वाजतं, असं म्हणून फेब्रुवारीत तू मला गाणं कच्चंच ऐकायला दिलंस. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये बसून ऐकलं. तिथेच कळलं.

हॉलिस : मग बोलली का नाहीस?

मेविस : म्हटलं, बायकोला बेसूर म्हणायच्या आधी हा माणूस किती स्पीकर घरात आणतो ते बघू. दुकानातल्या त्या बाईशी पैजसुद्धा लावली. ती म्हणाली, दोन जोड्यांत कबूल होतील. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला तू ओळखत नाहीस.

हॉलिस : तरीच. मी खोकं परत घेऊन गेलो की ती खोकल्याचं निमित्त करून आत जायची.

मेविस : पैज झाली, आता गाणं करू. घे वायरी, नवी जोड. माइक लाव आणि हेडफोन मला दे. दुसरं कडवं परत गाते.

हॉलिस : आत्ता?

मेविस : आत्ता. आणि गाऊन झालं की मी विचारणार आहे.

(ती गाते. तो नव्या जोडीवर गाणं पुन्हा लावतो. दोघं शेवटपर्यंत ऐकतात.)

मेविस : कसं झालं?

हॉलिस : गिटार थोडी मोठी वाटतेय.

मेविस : मी गिटारचं विचारलं नाही.

हॉलिस : वरती आता सूर बरोबर लागला. शेवटच्या ओळीत मात्र खाली येतेस.

मेविस : किती?

हॉलिस : थोडी. पण येतेस.

मेविस : बरं. जरा पाणी दे, परत गाते.